प्रकरण नववे : लसीची उलटतपासणी

निलांबिकेच्या डाव्या दंडाला गजराबाईंचा हात लागला आणि ती कळवळली. तिथून डोहाळजेवणाचा रंग बदलला.

तोवर सगळं कसं रीतीनं चाललं होतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. नागप्पांच्या सुनेला सातवा महिना सरत आलेला. सास्तूरच्या त्या भूकंपानंतरच्या रांगेतल्या घराला पुढं जी मोठी खोली वाढवली होती, तिच्यात चाळीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत निला पाटावर होती. ओटीचा पहिला मान बेंबळीहून आलेल्या गजराबाईंचा. नागप्पांची ही थोरली बहीण. माहेरच्या कुठल्याही कार्याला त्या पाहुण्या म्हणून कधी आल्याच नव्हत्या, त्या तपासणीलाच यायच्या. निलाच्या हातात हिरवा चुडा चढवताना त्यांनी दंड घट्ट धरला आणि पोरीच्या तोंडून आवाज निघाला.

काय झालं म्हणून गजराबाईंनी विचारलं. निला आळंदकडची, कन्नड घरातली. मराठी सावकाश बोलायची, म्हणून तिला समजतंही सावकाशच, असा या घरानं चार वर्षांपूर्वीच निकाल देऊन टाकला होता. तिनं सावकाशच उत्तर दिलं, "परवा लस घेतली, आत्याबाई. म्हणून दुखतंय."

स्वयंपाकघराच्या दारात हुग्गीचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या सासूनं, रुद्रम्मानं, ते ऐकलं. गव्हाची खीर गरम होती, पातेल्याचे काठ पोळत होते, पण खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. कसली लस, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिची लेक उमादेवी गेली तीन वर्षं तेच काम करत होती.

उमाच्या कामाविषयी घरात दोन मतं होती आणि ती माणसागणिक नाही, प्रसंगागणिक बदलायची. स्थळ आलं की उमा डॉक्टर असायची. एरवी ती गरोदर बायांना फोन करून ताप आला का, हात सुजला का विचारणारी नर्स असायची. खरं काय ते असं : जन्मल्या बाळाला पहिल्या थंडीत छातीचा जो आजार होतो, त्याच्यासाठी आईला पोटुशी असतानाच टोचायची एक लस होती. सरकारची परवानगी तिला मिळालेली होती. तरीही ती घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायांचं, त्यांच्या बाळांचं पुढं काय होतं, हे एक वैद्यकीय महाविद्यालय बाळ वर्षाचं होईपर्यंत बघत होतं. कुणाला ताप आला, कुणाचं बाळ दिवसांआधी आलं, कुणाचं किती वजनाचं भरलं, हे सगळं उमा लोहारा तालुक्यातल्या गावागावांत स्कूटीवर फिरून लिहून आणायची. चांगलं झालं तेही लिहायची, वाईट झालं तेही. यात नोकरी काय ती, असं रुद्रम्माला वाटायचं. पण पगार महिन्याच्या महिन्याला यायचा आणि लेक दुपारचा डबा न्यायला विसरायची नाही, एवढ्यावर तिनं तो विषय सोडून दिला होता.

बायका जेवल्या. नेहमीपेक्षा लवकर जेवल्या, कारण घरी जाऊन सांगण्यासारखं प्रत्येकीकडे काहीतरी होतं. शेवटची बाई उंबरा ओलांडून गेली न गेली, तोच गजराबाईंनी नागप्पांना, धाकट्या सिद्रामप्पाला आणि निलाच्या नवऱ्याला, विरेशला, आत बोलावून घेतलं.

सिद्रामप्पा म्हणजे घरातला जाणकार माणूस. त्याचं खतं-औषधांचं दुकान होतं. तिथं तो शेतकऱ्यांना फवारणीची औषधं द्यायचा, आणि कुठलं किती मिसळायचं ते डोळे मिटून सांगायचा. स्वतःच्या रानात फवारताना तो काठी सापडली नाही तर हातानंच ढवळायचा, मग तोच हात धोतराला पुसून तंबाखू मळायचा. या माणसानं लसीचा अभ्यास केला होता. खाटेवर आडवं होऊन, मोबाईल छातीवर ठेवून, दोन दुपारी. तो त्याला 'रिसर्च' म्हणायचा. उमा तीन वर्षं करत होती तोही रिसर्चच, पण तिला खाटेवर आडवं व्हायला मिळत नव्हतं, एवढा फरक.

त्यानं आधी सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात पांढऱ्या कोटातला एक गोरा माणूस पाच मिनिटं तावातावानं बोलत होता. काय बोलत होता ते खोलीत कुणालाच कळलं नाही, सिद्रामप्पालाही नाही. पण माणूस फार चिडलेला दिसत होता आणि एवढा चिडलाय म्हणजे खरंच असणार, असं नागप्पांचं मत पडलं.

मग उमाला उभं करण्यात आलं. रुद्रम्मा भिंतीला टेकून बसली आणि लेकीकडं बघत राहिली. घरच्याच भावजयीवर प्रयोग केलास का, असा पहिला प्रश्न आला. उमानं शांतपणे सांगितलं, की आपल्या नात्यातल्या बाईची नोंद आपण करायचीच नाही असा नियम आहे. निलानं स्वतः विचारलं, तेव्हा तिनं फक्त माहितीची बारा पानं आणून दिली, कन्नडमधली. बाकी सगळं दुसऱ्या नर्सनं केलं. निलाच्या फॉर्मात काय लिहिलंय तेसुद्धा तिला दाखवत नाहीत.

सिद्रामप्पा विरेशकडं वळला. बायको लस घ्यायला गेली हे तुला ठाऊक होतं का? विरेशनं छताच्या पंख्याकडं बघत सांगितलं, की त्याला काहीच माहीत नाही, तो त्या दिवशी लोहाऱ्याला गाडीच्या कामाला गेला होता.

"मागं म्या बसले व्हते," निला म्हणाली.

हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नवऱ्याच्या आठवणीत एक माणूस कमी पडलं होतं, ते तिनं भरून दिलं, इतकंच. विरेश पंख्याकडंच बघत राहिला.

यानंतर सिद्रामप्पानं बोटं मोजत प्रश्न विचारले, आणि रुद्रम्माला कबूल करावं लागलं की प्रश्न चांगले होते. ही लस बनवली कुणी? तिच्यात घातलंय काय? आधी किती बायांना दिली? त्यांचं आणि त्यांच्या लेकरांचं झालं काय? आणि उद्या आपल्या बाळाला काही झालं, तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार? पाच प्रश्न झाल्यावर त्यानं भाषणाला हात घातला. या घरातल्या एकाही बाईनं गरोदरपणी सुई टोचून घेतलेली नाही आणि सगळी लेकरं वाघासारखी झाली, असं तो म्हणाला.

रुद्रम्माला पत्र्याचं शेड आठवलं. उमा पोटात असताना घर पडलं होतं. भूकंपानंतर चार महिन्यांनी, त्या शेडमध्येच ती जन्मली. त्याआधी छावणीत एक नर्स यायची आणि रांगेत उभ्या केलेल्या गरोदर बायांच्या दंडात धनुर्वाताची सुई खुपसून पुढं जायची. रुद्रम्मानं दोनदा घेतली होती. कुणी बनवली, आत काय आहे, असं तिनं विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं हेही तिला आज, बत्तीस वर्षांनी, दिराच्या तोंडून कळत होतं. दिराचं भाषण रंगात आलं होतं, आणि चारचौघांत दिराला खोटं पाडायची या घरात पद्धत नव्हती.

"शंभर टक्के सेफ हाय असं लिहून दे," सिद्रामप्पा उमाला म्हणाला. "लगीच गप्प बसतो."

उमानं लिहून द्यायला नकार दिला. शंभर टक्के असं कुठल्याच औषधाचं कुणी लिहून देत नाही, म्हणाली. लस घेतलेल्या काही बायांची बाळं लवकर आली होती, हे तिनं आपणहून सांगितलं. न घेतलेल्यांचीही आली होती. दोन्हीकडं सारखीच येतात की एकीकडं जास्त, हे बघायलाच ती गावोगाव हिंडत होती. आजपर्यंत तरी फरक दिसला नव्हता, पण मोजणी संपलेली नव्हती.

या उत्तरानं तिच्या बाजूनं अर्धंमुर्धं असलेलं एकुलतं एक माणूस, म्हणजे नागप्पा, तेही फितूर झालं. ते मघापासून दोन्हीकडून मान हलवत होते, आता एकाच बाजूला हलवू लागले. बघा, कबूल केलं, असं सिद्रामप्पानं जाहीर केलं. पोरीला खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही, म्हणून रुद्रम्माला लेकीची लाज वाटली. मग, का कोण जाणे, लाज वाटल्याची लाज वाटली.

गजराबाईंनी निकाल सांगायला सुरुवात केली. पोरीला आजच्या आज बेंबळीला घेऊन जाते, लसीचा उतारा देणारा माणूस तिकडं आहे, पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही आणि उमानं ती नोकरी सोडावी. इतकं होईपर्यंत निला पाटावरून उठली. सात महिन्यांचं पोट सांभाळत, फुलांचा मुकुट एका हातानं काढत ती सिद्रामप्पाच्या समोर येऊन बसली.

"काका, तुमी लसीला पाच प्रश्न इचारलं. लई चांगलं प्रश्न हायत. त्या बारा पानांत पाचींची उत्तरं हायत, म्या दोनदा वाचले. काई झालं तर कोण बघणार, ते बी लिहिलंय, फोन नंबर हाय." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं आधी मनात कन्नडमध्ये जुळवलं असावं. "दुसऱ्या महिन्यात मला पुडी दिली. दुधातनं. तिला तुमी एक बी प्रश्न इचारला न्हाई. मागच्या बाळाच्या येळंला बी कुणी इचारला न्हाई."

रुद्रम्माला आपल्या उजव्या हाताची पाची बोटं जड झाल्यासारखी वाटली. पेला त्याच हातानं पुढं केला होता.

मुलगा होण्याची पुडी. ती गजराबाई आणायच्या, सीमेपलीकडच्या कुणा वैदूकडून. दिवस गेल्यावर सहाव्या आठवड्यात, खोंड झालेल्या गायीच्या दुधात कालवून, सासूच्या हातानं द्यायची. दोन वर्षांपूर्वी रुद्रम्मानं दिली. आठव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली आणि सोलापूरच्या दवाखान्यात ते मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. सगळ्यांनी निलाच्या पायगुणावर बोट ठेवलं. फार तर दूध दुसऱ्याच गायीचं आलं असेल, इतपत शंका गजराबाईंनी गायीवर घेतली. पुडीवर घेतली नाही. या वर्षी दिवस राहिल्यावर रुद्रम्मानं पुन्हा दिली. गाय नीट चौकशी करून बघितली.

"ते आयुर्वेदिक असतंय," सिद्रामप्पा म्हणाला.

हा शब्द पडल्यावर खोलीला जरा हायसं वाटलं. नागप्पांनी पाय पसरले. उमानं मात्र काकाला विचारलं, की आयुर्वेदिक आहे हे कुणी सांगितलं, कुठं लिहिलंय का. त्यावर गजराबाईंनीच उत्तर दिलं, की लिहायला कशाला पाहिजे, पुडी हिरवी आहे, दिसतंच की.

"हिरवा त्रिकोण आपल्या दुकानातल्या डब्यावर बी असतोय, काका," विरेश म्हणाला. "ते बी विषच असतंय."

विरेशच्या चौतीस वर्षांच्या आयुष्यातलं काकापुढं बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य. ते त्यानं पंख्याकडं बघूनच म्हटलं, पण म्हटलं. सिद्रामप्पाला दुकानाची आठवण झाली. कुणीतरी गिऱ्हाईक थांबलं असेल म्हणत तो उठला आणि चपला घालून गेला. त्याच्याही थोरल्या सुनेला पुडी दिली होती, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला मुली दोन. गायच नडली होती, दोन्ही वेळेला.

उमा निलाजवळ जाऊन बसली. कितव्या आठवड्यात, किती दिवस, एकदाच की रोज, चव कशी होती, नंतर उलटी झाली का, असं ती हळू आवाजात विचारत होती आणि निला एकेकाचं उत्तर देत होती. फॉर्ममध्ये हे सगळं लिहून दिलंय, तिथल्या मॅडमनी सोनोग्राफी जास्तीची करायला सांगितली ती म्हणूनच, असंही तिनं सांगितलं. मधेच उमानं मान वर करून आईकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर रुद्रम्माला बरं वाटलं असतं. गावागावांत अनोळखी बायांपुढं बसून ती ज्या नजरेनं लिहीत असेल, तसं पाहिलं तिनं.

रुद्रम्मा उठून स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यामागं स्टीलची डबी होती. तीत एक पुडी शिल्लक होती, पुढच्या खेपेसाठी जपलेली. ती घेऊन ती उभी राहिली, तोवर उमा मागून आलीच होती. रुद्रम्मानं पुडी तिच्या हातात दिली. उमानं ती एका स्वच्छ पिशवीत घातली, वर तारीख टाकली. मॅडमकडं देते, तपासायला पाठवता येते का बघतील, म्हणाली. निलाच्या बाळाची वाढ आजवर तरी चांगली आहे, तेवढं आधी ऐक, असंही म्हणाली.

रुद्रम्माला दुसरंच ऐकायचं होतं.

"उमा, मागलं लेकरू पुडीनंच गेलं का गं?"

"माहीत न्हाय, अव्वा."

"व्हय म्हन, न्हायतर न्हाय म्हन."

"एका बाळावरनं सांगता येत न्हाय. किती जणींनी घेतली, किती जणींनी न्हाय घेतली, कुणाचं काय झालं, ते सगळं मोजलं तर सांगता येतं. लसीचं आमी मोजतोय. पुडीचं कुणी मोजलंच न्हाय."

एवढं शिकून एवढंच का, असं रुद्रम्मा फणकारली. खोटं सांगून आईला झोप लागू देणं लेकीला सहज जमलं असतं. 'न्हाय' म्हटलं असतं की झालं. घरातल्या कुणीही म्हटलं असतं. रुद्रम्मा पदरानं ओटा पुसत राहिली. ओटा आधीच पुसलेला होता.

बाहेर ओट्यावर गजराबाई पिशवी मांडीवर घेऊन वडापच्या जीपची वाट बघत बसल्या होत्या. भाऊ बोलत नव्हता, भाचा बोलत नव्हता, धाकटा भाऊ दुकानात दडून बसला होता. रुद्रम्मा बाहेर आली तशी त्यांना ऐकणारं माणूस मिळालं. चाळीस वर्षं या घराचं बरं बघितलं त्याचं हे फळ, असं त्या म्हणाल्या. कालची पोर पुडीला नावं ठेवते. आजवर अकरा पोरं झालीत त्या पुडीनं, अकरा. तीन गावं साक्ष देतील.

"कोनकोनती, वन्सं?" रुद्रम्मानं विचारलं.

गजराबाईंना हा प्रश्न आवडला. त्यांनी बोटं उघडली. जावेच्या सुनेची दोन. शेजारणीच्या लेकीचा एक. सरपंचाच्या घरातली तीन, त्यातली दोन जुळी. नावं, साल, कुठल्या पंधरवड्यात जन्म, सगळं त्यांना पाठ होतं. आवाजाला पुन्हा जोर चढला. नऊ झाले, दहा झाले.

"आन अकरावा आपल्या निलाचा."

रुद्रम्माला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "निलाचं तर गेलं की, वन्सं. जन्मायच्या आदीच गेलं."

"गेलं ते येगळं," गजराबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "पोरगाच व्हता का न्हाय? पुडीनं आपलं काम केलं."

रस्त्याच्या वळणावर जीप दिसली. गजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. रुद्रम्मा त्यांच्या पुढ्यात, खालच्या पायरीवर बसली. बाई जाडजूड होती. ती पायरीवर बसली की तिला ओलांडून कुणाला उतरता येत नसे. तिनं मान वळवून उमाला हाक मारली, वही घेऊन ये म्हणाली. मग नणंदेकडं वळली.

"पुड्या किती दिल्या असतील, वन्सं? सगळ्या मिळून?"

गजराबाईंनी खांदे उडवले. असतील साठ-सत्तर.

"मंग बाकीच्या?"

"बाकीच्या कोन मोजतंय?"

जीपवाल्यानं हॉर्न दिला. उमा वही घेऊन दारात आली होती, तिच्यामागं भिंतीला धरून निला उभी होती. रुद्रम्मानं जीपवाल्याला हातानंच पुढं जायची खूण केली. त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि तो निघून गेला.

"बसा, वन्सं," ती म्हणाली. "दुसरी जीप पाच वाजता हाय. एकेक नाव घ्या. म्या मोजते."